चौघांच्या स्वयंपाकात एकाचं ५ ग्रॅम मीठ मोजायचं कसं? सैंधवाने फरक पडतो का?

शेवगा
घरात चार मोठी माणसं. सासरे ६८ वर्षांचे, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅमच्या वर मीठ नको म्हणून सांगितलंय. पानात वरून मीठ घेणं बंद केलं, साध्या मिठाऐवजी सैंधव आणलं. पण भाजी-आमटी सगळ्यांची एकाच पातेल्यात होते, त्यात एकाचं मीठ मोजायचं कसं? रोज एक भाजलेला पापड आणि लोणच्याच्या एक-दोन फोडी असतात. सोलकढी आठवड्यातून दोन-तीनदा. 'लो सोडियम' मीठ आणावं का?

मापटं
एकाचं मीठ मोजत बसू नका, पिशवी मोजा. नवी पिशवी फोडाल त्या दिवशी पेनाने तिच्यावर तारीख घाला. चार माणसं, ५ ग्रॅम, ३० दिवस म्हणजे ६०० ग्रॅम. पण त्या ५ ग्रॅममध्ये पाव, फरसाण, पापड, लोणचं यांतलं मीठही आलं. म्हणून स्वयंपाकाला महिन्याला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास धरा. किलोची पिशवी सव्वादोन महिने पुरली पाहिजे. ती महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर नुसतं पिशवीतूनच जातंय. लोणचं-पापड घालायला मीठ वेगळ्या पिशवीतून घ्या, नाहीतर मे महिन्यात हिशोब फसतो.

रोजचं माप सोपं आहे. सव्वाचारशे ग्रॅमचे दिवसाला १४ ग्रॅम होतात. ५ मिलीचा सपाट चमचा बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं, म्हणजे सव्वादोन चमचे. सकाळी ते एका छोट्या वाटीत काढून ठेवायचं आणि दिवसभर फक्त त्याच वाटीतून घ्यायचं. खडेमिठाला हे चमच्याचं माप लागू नाही, ते वजन करूनच घ्या. चिमटीने घालणं बंद करा. ओल्या बोटांना किती चिकटलं ते कळत नाही.

सगळ्यात आधी कणकेतलं मीठ काढा. बारा पोळ्यांच्या कणकेत अर्धा चमचा घातलं तर पोळीमागे पाव ग्रॅम पडतं. दिवसाला चार पोळ्या झाल्या की एक ग्रॅम तिथेच गेलं, आणि भाजीबरोबर खाताना त्याची चव कळतही नाही. बटाटा आणि कडधान्यं शिजताना घातलेलं मीठ आत मुरतं, जिभेला कमी लागतं, मग वरून परत पडतं. अशा भाज्यांना मीठ उतरवताना घाला.

खलबत्ता
सैंधवाने सोडियम कमी होत नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. साध्या मिठाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं, सैंधवात त्याहून जेमतेम कमी. उलट ते कमी खारट लागलं की हात सैल सुटतो. शिवाय नुसत्या सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीनचं साधं मीठच परत सुरू करा, मोजून.

'लो सोडियम' मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ते गुणकारी आहे यात शंका नाही. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) ७५ टक्के साधं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेले लोक त्या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा, अहवाल डॉक्टरांना दाखवा, मग ठरवा.

आणखी एक. गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' आहे का बघा. तसं असेल तर तिच्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे, आणि त्यावर असताना मीठ पार तोडलं तर वयस्कर माणसाचं सोडियम खाली जाऊ शकतं. सुस्ती, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वरवंटा
सोलकढी आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) करता की आमसुलांची? आगळ टिकतं ते मिठावर, म्हणून त्यात वेगळं मीठ घालायचंच नसतं. आमसुलंही बरेचदा खारवलेली असतात. एक जिभेवर ठेवून बघा, खारट लागलं तर धुऊन मग कोमट पाण्यात भिजत घाला. नारळाचं दूध, लसूण, मिरची घालून चाखा, आणि लागलंच तर शेवटी चिमूटभर मीठ. बिनमिठाची आमसुलं मागितली तर मिळतात.

वर्षाच्या लोणच्यात मीठ कमी करू नका. किलोभर कैरीला दीड-दोनशे ग्रॅम मीठ लागतंच, नाहीतर पाणी सुटून बुरशी धरते. कमी करायचं ते पानातलं. १० ग्रॅम लोणच्यात साधारण एक ग्रॅम मीठ येतं. फोड घ्या आणि खार बरणीतच निथळू द्या. एरवी कैरीचा टक्कू (किसलेल्या कैरीचं ताजं लोणचं) करा, जेवढा खपेल तेवढाच.

पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि तोही सोडियमचाच. पुड्यावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, ते आधी बघा.

घरात कुणी ॲसिडिटीवर फ्रूट सॉल्ट घेतं का? ५ ग्रॅमच्या एका पुडीत साडेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ एका पेल्यात. जळजळ रोजचीच असेल तर तिचं औषध डॉक्टरांकडून घ्या. ढोकळ्यालाही पुडीऐवजी पीठ रात्रभर आंबवा.

शेवगा
आगळच वापरते, आणि वर मीठही घालत होते. फ्रूट सॉल्टही आठवड्यातून तीनदा तरी होतं, ते कधी धरलंच नव्हतं. तपासण्या करून घेते. पण मीठ कमी केलं की सगळे 'अळणी आहे' म्हणतात, त्याला काय करू?

मापटं
एकदम निम्मं करू नका. वाटीतलं मीठ दर आठवड्याला पाव चमच्याने कमी करत सव्वादोन चमच्यांवर या. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर आंबट आणि खमंग वाढवा: लिंबू, चिंच, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसणाची चरचरीत फोडणी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी (तिच्यातलंही मीठ वाटीतूनच). कोशिंबिरीत मीठ पान वाढल्यावर घाला. आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं, मीठ त्याबरोबर तळाशी जातं आणि वरची काकडी फिकी लागते म्हणून पुन्हा मीठ पडतं. सासऱ्यांचा रक्तदाब रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा. आकडे उतरले तरी गोळी स्वतःहून कमी करू नका, वही डॉक्टरांना दाखवा.