मदत हवी आहे: ड्रायव्हरमधला सेन्सर-शोध ऐच्छिक कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, लिनक्सवर चालणारे कंट्रोलर बोर्ड बनवतो. तापमान-सेन्सरचा ड्रायव्हर मीच लिहिलाय. त्यातलं डिटेक्ट (सेन्सर शोधणारं) फंक्शन आयटूसी बसवर (चिप्स जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) हेक्स ४८ ते ४एफ हे पत्ते धुंडाळतं. मूळ एलएम७५ या सेन्सर-चिपमध्ये ओळख सांगणारं रजिस्टरच नाही, त्यामुळे सगळा कारभार अंदाजपंचे!

नव्या बोर्डाला जोडायच्या कार्डावर ४८ या पत्त्यावर एडीएस१११५ हा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारी चिप) आहे. ड्रायव्हर लोड होताच तो त्यालाच सेन्सर समजून पत्ता बळकावतो. मग एडीसीची नोंद करायला स्क्रिप्ट न्यू_डिव्हाइस फाइलमध्ये लिहायला जाते, तर ईबिझी, म्हणजे 'पत्ता आधीच वापरात' अशी एरर. परवा चाकणच्या ग्राहकाकडे यात माझी अख्खी दुपार गेली. (कार्ड काढता-घालता येतं, म्हणून 'डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या ठरलेल्या यादीत) टाक' हे उत्तर नको.)

मला शोध बंद करायची सोय हवी आहे, पण जुन्या ग्राहकांचं काही बिघडायला नको. मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना देता येणारी सेटिंग) ठेवून इनिटमध्ये (ड्रायव्हर सुरू होतानाच्या फंक्शनमध्ये), नोंदणीपूर्वी, डिटेक्ट पॉइंटर नल (रिकामा) करावा असं मनात आहे. त्यासाठी मॉड्यूल_आयटूसी_ड्रायव्हर हा इनिट आणि नोंदणी आपोआप करणारा तयार मॅक्रो सोडावा लागेल, ते चालेल. की केकॉन्फिगमध्ये (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधतानाच्या सेटिंग्जमध्ये) पर्याय देणं बरं? माझा कल पॅरामीटरकडे, कारण प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा कर्नल बांधायचा म्हणजे डोक्याला ताप.

कोणी हे केलंय का? आणि शोध डीफॉल्ट चालू ठेवावा की बंद?