विलीज पिकअपला क्राउन व्हिकचं सबफ्रेम?
भाऊ, अमेरिकेत फोर्ड एफ-१०० या जुन्या पिकअपला बसवतात तसं फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरिया कारचं सबफ्रेम (पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग धरणारा सांगाडा) बडोद्यातल्या तुमच्या विलीजला चालेल का विचारलंत. तिकडे मुद्दाम २००३ ते २०११ ची गाडी शोधतात कारण ॲल्युमिनियमचा क्रॉसमेंबर (चेसिसमधला आडवा भाग), रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, डिस्क ब्रेक सगळं एकत्रच मिळतं. पण ती रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे तुमचं फोर बाय फोर गेलंच, शिवाय रुंदी एवढी की चाकं मडगार्डबाहेर येणार. आणि चेसिस कापली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरचं) आडवं येतं, आरटीओत अडकाल. इतकी जुनी गाडी कापू नका हो, मला खरंच वाईट वाटेल! आधी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक भागात स्प्रिंगच्या पाट्यांना कमान मारून घ्या, बुश, शॅकल, किंगपिन बेअरिंग हे झिजणारे सांध्यांचे भाग नवे टाका, मग चालवून बघा.