'कुर्त्सआर्बाइट'ला मराठीत काय म्हणावं?

ओळंबा: जर्मनीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मागणी घटली की तिथले कारखाने माणसं न काढता सगळ्यांचे तास कमी करतात, त्याला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भाग बेकारी विम्याच्या निधीतून मिळतो. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक असे होते. मी 'कामकपात' लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, "किती जणांना काढलं?" अर्थ पार उलटा पोचला!

सूतखातं: 'कपात' नकोच, कानात नोकरकपातच वाजते. गिरणीत काम नसलं की नोकरी न तोडता तात्पुरतं घरी बसवायचे, त्याला 'ले-ऑफ' म्हणायचे. १९४७ च्या कायद्यात त्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. पण आजोबा बदली. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर काम. सलग वर्ष भरल्याशिवाय बदलीवाल्याला ती भरपाईसुद्धा नाही.

ओळंबा: ले-ऑफला माणूस घरी बसतो. इथे तो बहुधा आठवड्यातले काही दिवस कामावर असतो.

देववाणी: 'अल्पकाल-कार्य' करा. आणि पुढे 'मजुरीखर्च' आला असेल तर 'श्रमव्यय'. फारसी कशाला?

सूतखातं: मजूर फारसी, रोजगार फारसी, पगार पोर्तुगीज. हे काढले तर कामगाराशी बोलायचं कशात?

देववाणी: 'वेतन' आहे की! वापरलं नाही तर रुळणार कसं?

ओळंबा: 'मजुरीखर्च' मलाही खटकतो, पण वेगळ्या कारणाने. मजुरी म्हणजे हातात पडते ती. मालकाला भविष्यनिर्वाह निधीचा वाटाही भरावा लागतो. २००९ मध्ये जर्मनीत उत्पादन घसरलं, माणसं मात्र राहिली, म्हणून दर नगामागे माणसांवरचा खर्च वाढला. हे 'मजुरी वाढली' असं वाचलं गेलं तर घोळच.

कृष्णाकाठ: 'सक्तीचा खाडा' कसं वाटतं?

सूतखातं: खाडा कामगाराने केलेला. मालकाने घरी ठेवलं त्याला आमच्याकडे कुणी खाडा म्हणत नव्हतं.

कृष्णाकाठ: आमच्याकडे दूधवाला आला नाही तरी खाडाच. आई कॅलेंडरवर फुली मारायची. चूक कुणाची, याचा संबंध नाही. शब्द 'खंड'वरून आला असावा.

देववाणी: 'खंड'चा 'खाडा' होताना अनुस्वार कुठे गेला?

ओळंबा: उद्या सकाळी लेख द्यायचाय. 'तासकपात' लिहू का? निदान माणसं तरी वाचतील.

कृष्णाकाठ: खांडवरून बघा, 'खांड पडणे' म्हणतातच.