ट्रेबल आणि बॉय सोप्रानो : एकच आवाज की दोन?

मुलगी इथे न्यू जर्सीत शाळेच्या ट्रेबल क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, गाते, त्यात बहुतेक मुलीच आहेत. लंडनचा मावसभाऊ मात्र म्हणतो की ट्रेबल म्हणजे कॅथीड्रलमध्ये गाणारा मुलगा. सर्च केलं तर बॉय सोप्रानो असा तिसराच शब्द निघाला. मला तर ट्रेबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवर बेसच्या शेजारी असतं ते बटण एवढंच माहीत होतं. कुणी नीट सांगेल का? आणि मराठीत काय म्हणायचं?

—

तुमचा भाऊ त्याच्या जागी बरोबर आहे आणि मुलीची शाळा तिच्या जागी.

शब्द मूळचा लॅटिन, ट्रिपलचा सख्खा भाऊ. मध्ययुगात चर्चच्या गाण्यात एक आवाज मूळ स्तोत्राची चाल लांबवत धरून ठेवायचा, तो टेनर, म्हणजे शब्दशः धरणारा. त्याच्यावर दुसरा आवाज आणि त्याच्याही वर तिसरा, तो ट्रिप्लम, त्यावरून ट्रेबल. तेव्हा ट्रेबल हे इमारतीतल्या वरच्या मजल्याचं नाव समजा, तिथे कोण राहतं ते त्यात सांगितलेलंच नाही.

ब्रिटनमध्ये हा मजला शेकडो वर्षं फक्त मुलग्यांकडे राहिला, कारण कॅथीड्रलच्या क्वायरमध्ये बायका नव्हत्याच. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं बघा, १६ मुलगे आणि सगळे वरची ओळ, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार सुरावटींतली सगळ्यात उंच, गाणार, खालच्या आल्टो टेनर बेस या तिन्ही ओळी मोठ्या पुरुषांच्या, आल्टोसुद्धा पुरुषच फॉल्सेटो, म्हणजे मुद्दाम पातळ केलेला उंच आवाज, लावून गातात. त्यामुळे मुलगा म्हटला की ट्रेबल हे आपोआपच आलं, तो कुठल्या ओळीत आहे हे वेगळं सांगायची वेळच येत नाही. तिथे हा पोशाखासारखा रोजचा शब्द आहे, कारण गाणंच रोजचं आहे, टर्म चालू असताना आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळची प्रार्थना गायची असते, शाळा सांभाळून. लोकांना दिसतो तो फक्त ख्रिसमस ईव्हचा कार्यक्रम, १९१८ साली सुरू झालेला, ज्यात पहिलं कडवं एकच मुलगा साथीशिवाय गातो.

अमेरिकेत असं रोज गाणारं कॅथीड्रल क्वायर फार क्वचित. तिथे मुलांचे क्वायर वाढले ते मैफलींवर आणि दौऱ्यांवर, १९३०च्या दशकात व्हिएन्नाची मुलं तिकडे दौऱ्यावर येऊन गेली त्याचा मोठा प्रभाव. या क्वायरमध्ये मुलगेच सोप्रानो, म्हणजे तीच सगळ्यात वरची ओळ, आणि मुलगेच तिच्या खालची आल्टो, मग नुसतं मुलगा म्हणून भागत नाही, बॉय सोप्रानो आणि बॉय आल्टो असं फोड करूनच सांगावं लागतं. बॉयक्वायर हा एकच जोडून लिहिलेला शब्दही तिकडचाच. सगळ्यात नावाजलेलं बॉयक्वायर १९३७ मध्ये ओहायोतल्या कोलंबसला सुरू झालं, १९५० मध्ये प्रिन्स्टनला आलं, म्हणजे तुमच्याच राज्यात, पुढे अमेरिकन बॉयक्वायर म्हणून जगभर फिरलं आणि २०१७ मध्ये बंद पडलं. इतकं मोठं काम असं पैशांवाचून थांबावं याचं मला खरंच वाईट वाटतं. १९५१ च्या ख्रिसमस ईव्हला एनबीसीवर संगीतकार मेनोत्तीचा टीव्हीसाठीच लिहिलेला ऑपेरा झाला, त्यातला मुख्य मुलगा याच क्वायरमधला, चेट अ‍ॅलन.

न्यू यॉर्कला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं सेंट थॉमस चर्च मात्र अपवाद. १९१९ पासून तिथे मुलांची निवासी क्वायर स्कूल आहे, आणि ती उभी केली यॉर्क मिन्स्टरहून आलेल्या टी. टर्शियस नोबल यांनी, त्यामुळे तिथे इंग्लिश पद्धत आणि इंग्लिश शब्द, दोन्ही.

आता शाळेचं. अमेरिकन शाळा कॉलेजांत ट्रेबल क्वायर म्हणजे फक्त उंच आवाजांचा क्वायर, मग मुली असोत, बायका असोत की लहान मुलं. विमेन्स क्वायर या नावाऐवजी हल्ली बऱ्याच ठिकाणी हेच वापरतात. म्हणजे शब्द पुन्हा मजल्यापुरता उरला, मूळ अर्थाच्या जवळ गेला असं मी म्हणेन.

—

माहिती छान, पण ब्रिटनबद्दल एक भर घालायला हवी. मुली नाहीतच हे आता खरं नाही. १९९१ मध्ये सॉल्सबरी कॅथीड्रलने मुलींचा वेगळा क्वायर सुरू केला, मग एकामागून एक बाकीची कॅथीड्रल, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ मध्ये मुलींना घेतलं. त्या मुलीही तीच वरची ओळ गातात. मग त्यांना ट्रेबल म्हणायचं की नाही?

—

म्हणायचं, माझ्या मते बिनधास्त म्हणायचं. बोलताना लोक गर्ल कोरिस्टर, म्हणजे क्वायरमधली मुलगी, जास्त म्हणतात, पण ओळीचं नाव ट्रेबलच. मुलांचाच आवाज शुद्ध, हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण मुलांचा म्हणून एकच आवाज कधी नव्हता. किंग्जला क्वायरचे संचालक डेव्हिड विलकॉक्स यांच्या काळात मऊ, तरंगणारा आवाज घडवला जायचा, आणि त्याच सुमारास लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये जॉर्ज माल्कम मुलांकडून छातीतून आलेला, धारदार, खणखणीत आवाज काढून घ्यायचे, तो ऐकून संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी १९५९ मध्ये त्या मुलांसाठी मिसा ब्रेविस हे छोटं प्रार्थनासंगीत लिहिलं. दोन्हीकडे ट्रेबलच, आणि ऐकायला जमीन अस्मानाचा फरक. मला स्वतःला माल्कमचा आवाज जास्त भिडतो.

मराठीचं म्हणाल तर नेमका शब्द नाही, कारण आपल्या गाण्यात एकाच वेळी चार ओळी चालत नाहीत, आपण आवाज पट्टीने सांगतो, हा काळी एकमध्ये गातो ती काळी चारमध्ये. बालस्वर वगैरे बनवलं तर वय कळेल पण ओळ कळणार नाही. ट्रेबल तसाच ठेवावा, समजवायचं असेल तर वरच्या ओळीचा आवाज म्हणावं.

—

आणि आवाज फुटतो त्याला?

—

तिथे मराठी श्रीमंत आहे! ब्रिटनमध्ये व्हॉइस ब्रोक म्हणतात, म्हणजे मोडला, संपला. आपण म्हणतो कंठ फुटला, आणि फुटणं हे पालवीलाही चालतं. अमेरिकन शिक्षक ब्रेक हा शब्द टाळतात, चेंजिंग व्हॉइस म्हणतात, फ्लोरिडाच्या अर्विन कूपर यांनी त्या मधल्या आवाजाला कांबियाता असं नावच दिलं आणि त्या मुलांना झेपेल अशी वेगळी ओळ लिहायला लावली. तिकडच्या बऱ्याच बॉयक्वायरमध्ये कंठ फुटलेली मुलं खालच्या ओळीत जातात आणि गात राहतात. ब्रिटनच्या कॅथीड्रल शाळांत साधारण १३ व्या वर्षी मुलगा शाळाच सोडतो, मग आवाज फुटलेला असो नसो. पूर्वी फुटायचाही उशिरा. लंडनच्या टेंपल चर्चच्या अर्नेस्ट लफची १९२७ ची, संगीतकार मेंडेलसनच्या रचनेची रेकॉर्ड, एचएमव्हीचीच, लाखोंनी खपली, त्यात आवाज कोवळ्या पोराचा वाटतो आणि गाणारा १५ वर्षांचा होता. जरूर ऐका, तुमच्या मुलीलाही ऐकवा.