१४ महिन्यांची वछेरी बांधली की मागे ओढते, काय करू?

तापीकाठ
राम राम मंडळी. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी वछेरी घेतली, आजोबांनंतर आमच्या दारात पहिल्यांदा घोडं आलंय. खाणंपिणं चांगलं आहे पण खुंट्याला बांधलं की कान पाडून मागे असं ओढते की दोनदा म्होरकी तुटली, आणि परवा तर ओढता ओढता मागच्या पायांवर बसलीच, माझ्या पोटात गोळा आला. पायाला हात लावू देत नाही. गावातले जाणते म्हणतात दोन दिवस उपाशी ठेव, आखूड बांध, आपोआप नरम पडेल, आणि दीड वर्षाची झाली की पाठीवर वाळूचं पोतं टाक. मला तिला मारून शिकवायचं नाहीये. कुणी नीट सांगेल का सुरुवात कुठून करायची?

पागावाला
भाऊ आधी ते आखूड बांधणं आजच बंद करा. पक्क्या खुंट्याला बांधलेलं शिंगरू घाबरून ओढायला लागलं की मानेला कायमची इजा होऊ शकते, आणि एकदा का ओढल्यावर दावं तुटतं हे तिला कळलं की प्रत्येक वेळी तोडणार. दहा-बारा फुटांचा जाड सुती दोर घ्या, नायलॉनचा नको, हात सोलून निघतो. कडीतून नुसता ओवा, गाठ मारू नका, दुसरं टोक तुमच्या हातात. तिने ओढलं की दोर थोडा थोडा सरकू द्यायचा. हातात गुंडाळून मात्र कधी धरू नका, बोटं जातात.

पण त्याच्याही आधी मोकळ्या जागेत दोराचा अर्थ शिकवा. तिच्या खांद्याजवळ उभं राहायचं, दोर अगदी हलका ताणायचा, दोन बोटांनी धरल्यासारखा, ओढायचं नाही, तसंच थांबायचं. ती मान वर करेल, बाजूला बघेल, तुम्ही हलू नका. पाऊल टाकायचीही गरज नाही, नुसतं अंग पुढे झुकवलं तरी त्याच क्षणी दोर सैल सोडा. दोर सैल होतो तेव्हा ती शिकते, ताणलेला असताना नाही. मग आयाळ संपते तिथे खाजवा, घोडी एकमेकांना दातांनी तिथेच खाजवतात म्हणून त्यांना ते लगेच समजतं. थोडा वेळ ओठ चाटत तोंड हलवायला लागली की तिच्या अंगातला ताण उतरतोय असं समजा आणि तिथेच थांबा. रोज दहा मिनिटं बास.

गूळ हातावर देऊ नका, चावायची सवय लागते. द्यायचाच तर घमेल्यात.

जनावरांचा_डॉक्टर
वरच्या दादांशी सहमत. वाळूच्या पोत्याबद्दल कळकळीने सांगतो, अजिबात नको. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावरचं हाड साधारण दोन ते अडीच वर्षांनी पक्कं होतं आणि पाठीचे मणके पाच-साडेपाच वर्षांपर्यंत भरत असतात. दीड वर्षाला पाठीवर वजन टाकलं तर आज काही दिसणार नाही, ते पुढे मोठेपणी लंगडण्यात दिसू शकतं. तीन वर्षांआधी कुणाला बसवू नका, नंतरही हलकाच माणूस आणि थोडाच वेळ. लगामाची तर घाईच करू नका, अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडायला लागतात, हिरड्या दुखत असताना तोंडात लोखंड गेलं की तिला लगामाचाच राग बसतो. उपाशी ठेवणं तर विसराच, घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी आहे, उपाशी राहिली तर पोटशूळ होऊ शकतो. आणि धनुर्वाताची लस झाली नसेल तर याच आठवड्यात टोचून घ्या.

घोडेप्रेमी
लांब दोरावर रोज गोल गोल पळवा ना, दमली की ऐकते.

जनावरांचा_डॉक्टर
नको हो. छोट्या गोलात सारखं पळवलं की या वयात सांध्यांवर वाकडा भार येतो. त्यापेक्षा बांधावरून, ओढ्यातून चालवत फिरवा, ट्रॅक्टर दाखवा, प्लास्टिकचा कागद दाखवा.

सईस_मुंबई
मी रेसच्या घोड्यांत काम केलंय. तिकडे दोन वर्षांची घोडी पळतात, म्हणजे पाठीवर माणूस त्याआधीच बसतो. त्यातली पायाने गेलेली मी माझ्या हाताने मालिश केलीत म्हणून सांगतो, तुम्हाला कसलीच घाई नाहीये तर करूच नका.

पायाचं असं करा. बरोब्बर मागून जाऊ नका, तिथलं तिला दिसत नाही, बोलत बोलत खांद्याकडून जा. हात खांद्यावरून हळूहळू खाली, गुडघ्यापर्यंत, घाबरली तर हात झटकन काढायचा नाही, तिथेच ठेवायचा आणि शांत झाली की काढायचा. चार दिवसांनी खूर दोन सेकंद उचला आणि तिने ओढून घ्यायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. हे जमल्यावरच नालबंदाला बोलवा, नाहीतर तो पाय आवळून धरेल आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. एकटी बांधताय का तिला?

तापीकाठ
हो, एकटीच होती. परवापासून शेजारी शेळी बांधली, तर रात्रीचं ते खूर आपटणं कमी झालं. तीन दिवस झाले दोर ताणून नुसता उभा राहतोय, काल पहिल्यांदा तिने एक पाऊल पुढे टाकलं, मी दोर सोडला, तर दोन्ही कानांची टोकं माझ्याकडे वळवून तशीच उभी राहिली. पोतं गोठ्यातून काढलंय. डावा पुढचा खूर आज उचलला, दोन सेकंद. उजव्याला अजून हात लावू देत नाही, उद्या बघतो.