रबर पॅडच्या खाचा
रेल्वेचा रूळ आणि त्याखालचा सिमेंटचा आडवा स्लीपर यांच्यामधला रबर पॅड नुसता हादरे शोषायला असतो, हे म्हणणं अर्धंच खरं. रुळावर गाडी आहे का ते ओळखणारं सिग्नलचं ट्रॅक सर्किट दोन्ही रुळांतून जाणाऱ्या विजेवर चालतं. स्लीपरमधून वीज गळली तर गाडी नसतानाही सिग्नल लालच. म्हणून वीज अडवणाऱ्या पॅडच्या जोडीला, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली लोखंडाऐवजी काचतंतू घातलेल्या नायलॉनचा लायनर (मधला तुकडा) लावतात.

आता पॅडवरच्या खाचांचं. रबर दाबलं की आकसत नाही, बाजूला फुगतं. त्या फुगण्याला जागा म्हणून खाचा. एक काढून टाकलेला, ६ मिमीचा जुना पॅड मी हातात घेऊन पाहिलाय. कडेच्या खाचा पार बुजलेल्या, रबर चामड्यासारखं कडक. पॅड असा दबून बसला की क्लिपची पकडही सैल होते.