मदत हवी आहे: मुलांना जेलमध्ये मुलाखतीला (भेटीला) न्यायचंय, परवाच, कोणी नेलंय का?

आत्या_परळ: दोन्ही मुलांना घेऊन परवा जेलमध्ये मुलाखतीला जायचंय. त्यांना शाळेला सुट्टी आहे आणि मला मुश्किलीने रजा मिळालीय. मुलांना आत सोडतात का? त्यांचं आधार लागतं की जन्मदाखला चालतो? वकिलांना दोनदा विचारलं, ते फक्त 'बघतो' म्हणतात. ज्यांनी खरोखर मुलं नेली आहेत त्यांनीच सांगा. 'कशाला नेतेस' म्हणणारे घरात पुष्कळ आहेत.

चिंचपोकळीकर: ताई, कुठलं जेल? आर्थर रोड, भायखळा, ठाणे, तळोजा, आधारवाडी? कच्चा कैदी, म्हणजे केस चालू असलेला, की शिक्षा लागलेली? मुलं कोणाची, केवढी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

आत्या_परळ: आर्थर रोडच. माझा भाऊ आहे, मुलं त्याचीच. केस चालू आहे.

कलम_वाचा: केस चालू आहे म्हणजे आधी जामिनाचं बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ वाचा. पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर जामिनाचा हक्क आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाला १५१०० वर फोन करा.

आत्या_परळ: जामिनाचं मी विचारलेलं नाही हो. मुलांचं विचारतेय.

समिधाची_आई: मी नेलंय. नवरा अकरा महिने आत होता, मुलगी तेव्हा सहा वर्षांची. आधी भावाकडून खात्री करून घ्या की भेटायला येणाऱ्यांत तुमचं नाव त्याने दिलंय. मुलांची आधार कार्डं असली तर मूळ प्रतीच न्या, जन्मदाखलाही सोबत ठेवा. सकाळी लवकर पोचा. मोबाईल आत नेता येत नाही, तो सांभाळायला बाहेर थांबणारं कोणीतरी बरोबर असू दे. रांगेत उभं राहायच्या आधी मुलांना बाथरूमला नेऊन आणा.

आणि हे नीट वाचा. मध्ये काच असते, बोलणं फोनवर. हे मी मुलीला सांगितलं नव्हतं. ती 'बाबा, बाहेर या' म्हणत काचेवर हात आपटत राहिली. वीसेक मिनिटांतली निम्मी तिला शांत करण्यात गेली. तो पलीकडे नुसता रडत होता. आधी कोण बोलणार, काय बोलणार, हे घरीच ठरवून घ्या.

शिरोडकर_काका: म्हणूनच मी सांगतो, मुलांना तिथे नेऊच नये. ई-मुलाकातला ऑनलाइन नोंदणी करा, घरी बसून व्हिडिओवर दिसेल.

समिधाची_आई: काका, मोबाईलवर बाप दिसला की लहान मूल विचारतं, 'मग घरी का येत नाही?' काच का होईना, समोर बसलेला माणूस वेगळा असतो.

नाका_कामगार: त्यापेक्षा कोर्टाच्या तारखेला न्या. पॅसेजमध्ये जवळून दिसतो.

समिधाची_आई: नको! दोन बाजूंना पोलीस, धक्काबुक्की. माझ्या मुलीने ते पाहिलंय. शिवाय हल्ली पुष्कळदा जेलमधूनच व्हिडिओवर हजर करतात, मुलं दिवसभर ताटकळतात आणि बाप येतच नाही.

येरवडा_रिटर्न: गळाभेटीचा अर्ज करा. मुलांना मांडीवर घेता येतं.

चिंचपोकळीकर: ती शिक्षा लागलेल्यांच्या १६ वर्षांखालच्या मुलांसाठी असते. ताईंचा भाऊ कच्चा आहे. आणि ताई, महालक्ष्मीला उतरू नका, चिंचपोकळीला उतरा.

शिरोडकर_काका: महालक्ष्मीहून सात रस्ता सरळ आहे.

चिंचपोकळीकर: परळची माणसं पश्चिम रेल्वेला कशाला जातील?

बालवाडी_ताई: कमावता माणूस आत आहे तर बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांनाही ती आहे, महिना २,२५० रुपये. टाटा इन्स्टिट्यूटच्या 'प्रयास'चे कार्यकर्ते मुंबईतल्या जेलमध्ये काम करतात, त्यांच्याशी बोला. पण मुलांची वयं अजून सांगितली नाहीत तुम्ही. आणि त्यांना काय माहीत आहे?

आत्या_परळ: मोठा अकरा, धाकटी पाच. पप्पा दुबईला कामाला गेलेत असं सांगितलंय.

समिधाची_आई: अहो, मग परवा कसं नेणार? त्या भिंतीसमोर उभं राहून पाच वर्षांच्या पोरीला काय सांगाल? आणि त्यांच्या आईचं काय म्हणणं आहे?

आत्या_परळ: वहिनीला अजून विचारलं नाही. ती स्वतःच दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलीय. भावाने चिठ्ठीत लिहिलं, 'मुलांना एकदा दाखव', म्हणून मी घाई केली.

बालवाडी_ताई: आईला आधी विचारा. मग मुलांना सांगा, त्यांना कळेल अशा शब्दांत. खोटं पकडलं गेलं की मुलं नंतर कोणावरच विश्वास ठेवत नाहीत. पण सगळं एका बैठकीत सांगू नका.

आत्या_परळ: काल रात्री वहिनी आणि मी बसलो. तिलाही यायचंय. मोठ्याला जवळ घेतलं, मी सुरुवात करणार एवढ्यात तोच म्हणाला, 'आत्या, मला माहितीय.' दिवाळीच्या आधी वर्गात कोणीतरी त्याला मोबाईलवर बातमी दाखवली होती. इतके दिवस तो आमच्यासमोर दुबईचं ऐकून मान हलवत होता, धाकटीला कळू नये म्हणून.

ठरलेल्या दिवशी जात नाही. पुढच्या आठवड्यात मी बिनपगारी रजा घेते. धाकटीला आज संध्याकाळी सांगणार, मोठा म्हणतो, काचेचं मी सांगतो तिला. भावाला वकिलांकरवी निरोप धाडलाय, वहिनीचं आणि माझं नाव द्यायला. आम्ही चिंचपोकळीलाच उतरतो.